बटणाचा रंग कोणाच्या अधिकारात?

सरकारी कार्यालयात रंग ही केवळ आवडीनिवडीची बाब कधीच नव्हती. टिपणीचा कागद परंपरेने हिरवट असतो. हिरवी वा लाल शाई सहसचिव व त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच, आणि तीही क्वचित प्रसंगी वापरावी, असे केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीत म्हटले आहे. कागदाचे एक बरे असते. एकदा उमटलेला रंग दुसऱ्या टेबलावर गेला म्हणून बदलत नाही. संगणकाच्या पडद्याने मात्र ही शाश्वती काढून घेतली.

१९९० च्या दशकात आपल्याकडे आलेल्या बहुतेक यंत्रांना १६ किंवा २५६ रंगच ठाऊक होते. २५६ पैकी २० रंग विंडोज स्वतःकडे राखून ठेवी आणि उरलेले २३६ सर्व प्रोग्रामांनी वाटून घ्यायचे असत. समोरच्या खिडकीने आपला वाटा उचलला की मागच्या खिडकीतील चित्रे विद्रूप होत. मर्यादित तरतुदीचे वाटप करणाऱ्या कोणाही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दृश्य अनोळखी वाटू नये.

पुढे रंगांची टंचाई संपली, पण अधिकाराचा प्रश्न उभा राहिला. विंडोज ९५ चा करडा रंग लाल, हिरवा, निळा या तिन्हींच्या १९२ मात्रांचा होता. विंडोज २००० ने तो २१२, २०८, २०० असा किंचित उबदार केला. ज्यांनी ‘बटणाचा जो रंग प्रणालीने ठरवला असेल तो’ अशी नावाने मागणी केली होती, त्यांचे प्रोग्राम नव्या रंगात सहज मिसळले. ज्यांनी १९२ हा आकडाच लिहून टाकला होता, त्यांच्या पडद्यावर ठिगळे दिसू लागली. व्हिज्युअल बेसिकमध्ये तर बटणाला पार्श्वरंगाचा गुणधर्म दिलेला असे, आणि तो भरूनही बटण करडेच राही. त्याची शैली ‘ग्राफिकल’ केल्यावाचून तो रंग मान्यच होत नसे. अर्ज स्वीकारायचा, पोच द्यायची आणि कार्यवाही मात्र करायची नाही, ही आमच्याच खात्याची रीत या यंत्राने कोठून उचलली कोण जाणे!

१९९६ साली आलेल्या जावाने सर्व प्रणालींवर एकच प्रोग्राम चालेल असे आश्वासन दिले. तिच्या पहिल्या टूलकिटमधील, म्हणजे एडब्ल्यूटीमधील, बटण हे प्रतिनियुक्तीवरील अधिकाऱ्यासारखे होते. काम जावाच्या घरी, पण सेवापुस्तक मूळ प्रणालीकडे. साहजिकच ते प्रत्येक यंत्रावर निराळे दिसे. १९९८ च्या स्विंगने स्वतःचे संवर्ग उभे केले, म्हणजे बटण स्वतःच रंगवायला घेतले. तरीही वापरणाऱ्यांना आपल्या प्रणालीचेच रूप हवे होते, म्हणून स्विंगला त्या रूपाचीही नक्कल करावी लागली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि बटणाचा पृष्ठभाग थीमच्या तयार चित्रातून रंगू लागला. मग प्रोग्रामकाराने लाल रंग मागितला, तर तो कडेला वा कोपऱ्यात तेवढा उरे. मॅकवरही हीच तक्रार होती. बंगळुरात सनचे अभियांत्रिकी केंद्र होते आणि जावावर पोट भरणाऱ्या कंपन्या तर गल्लोगल्ली. या लहानशा कुरबुरीवर या शहरात किती मनुष्यतास खर्ची पडले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

याच शहरात भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर यांनी २००१ मध्ये सिंप्युटरचा नमुना दाखवला. त्याचा पडदा एकरंगी होता. स्वस्ताईसाठी केलेली ही तडजोड होती हे खरे, पण त्यामुळे रंगावर अर्थ लादण्याचा मोहही टळला. कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पात तालुक्याच्या खिडकीवर दुसरा पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवला होता, जेणेकरून कर्मचारी काय करतो आहे ते त्याला दिसावे. ही मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. पडदा हे कर्मचाऱ्याचे खासगी हत्यार राहिले नाही, तो समोरच्याला दाखवायचा दस्तऐवज झाला. मग तो वाचता न येणे ही गैरसोय उरत नाही, तो हक्काचा प्रश्न होतो.

माझ्या माहितीतील एका कार्यालयात दृष्टी मंद झालेले एक लिपिक होते. त्यांनी उच्च तफावतीची योजना लावली, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे. कार्यालयाच्या प्रोग्रामने रकमेच्या रकान्याची पार्श्वभूमी पांढरी अशी पक्की लिहिली होती, अक्षरांचा रंग मात्र प्रणालीवर सोपवला होता. पांढऱ्यावर पांढरे. ते गृहस्थ टॅबची कळ किती वेळा दाबली ते मोजून मंजुरीची रक्कम भरत आणि छापील प्रतीवर भिंग धरून तपासत. दुरुस्ती एका ओळीची होती. दोन्ही रंग स्वतः ठरवा किंवा दोन्ही प्रणालीवर सोडा. पण रंग ही ‘दिखाऊ’ बाब असल्याने ती प्राधान्यक्रमात सदैव तळाशी राहिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली आला, तोवर ते निवृत्त झाले होते.

आता ई-ऑफिसमध्ये पक्की टिपणी हिरवी आणि कच्ची पिवळी असते. जुन्या कागदाची आठवण ठेवणारी ही योजना मला आवडते. मात्र उच्च तफावतीच्या योजनेत आधुनिक ब्राउझर पानाचे पार्श्वरंग बाजूला सारतो, म्हणजे हिरवे आणि पिवळे दोन्ही काळे. मग टिपणी कच्ची की पक्की, हे शेजारी लिहिलेल्या शब्दावरूनच ओळखावे लागते.