राहत्या घरातील खोली भाड्याने दिल्यास कर आणि पेन्शन (दिल्ली व परिसर)

ओल्ड राजेंद्र नगर, मुखर्जी नगर, लक्ष्मी नगर अशा भागांत अनेक कुटुंबे घरातील एक खोली विद्यार्थ्याला किंवा नोकरदाराला देतात. या भाड्यावर बहुतेकांना कर लागत नाही. तरीही ते उत्पन्नच आहे, आणि पेन्शनसारख्या योजनांच्या अर्जात ते दाखवावे लागते. खालील माहिती आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी आहे.

भाडे कोणत्या उत्पन्नात मोजतात?

मालकाने घर किंवा घराचा भाग राहण्यासाठी भाड्याने दिल्यास ते ‘घर मालमत्तेपासूनचे उत्पन्न’ ठरते. २०२४-२५ पासून असे भाडे व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. भाडे मुलाच्या खात्यात जमा होत असले तरी उत्पन्न घर ज्याच्या नावावर आहे त्याचेच धरले जाते. आपण स्वतः भाडेकरू असून एक खोली पुढे दुसऱ्याला दिली असेल, तर ते ‘इतर मार्गांचे उत्पन्न’ होते.

पेइंग गेस्टला जेवण देत असाल तर भाडे आणि जेवणाचे पैसे यांची पावती वेगळी ठेवा. जेवणाचे पैसे हे घरभाडे नाही. त्यातून झालेला खर्च वजा करता येतो, पण खाली दिलेली ३० टक्के वजावट त्यावर मिळत नाही.

हिशेब

समजा, घरात सारख्या आकाराच्या तीन खोल्या आहेत. एक खोली दरमहा ८,००० रुपयांना दिली आहे आणि पूर्ण घराचा मालमत्ता कर ३,००० रुपये आपण भरला आहे. वर्षाचे भाडे ९६,००० रुपये. त्यातून त्या खोलीच्या वाट्याचा कर १,००० रुपये वजा केल्यावर ९५,००० उरतात. याच्या ३० टक्के, म्हणजे २८,५०० रुपये सरसकट वजा होतात. करासाठी उत्पन्न धरले जाते ६६,५०० रुपये.

ही ३० टक्के वजावट मिळण्यासाठी बिले दाखवावी लागत नाहीत. मात्र रंगकाम, दुरुस्ती, दलाली, सोसायटीचा देखभाल खर्च यांपैकी काहीही वेगळे वजा होत नाही. गृहकर्ज असल्यास त्या खोलीच्या वाट्याचे व्याज भाड्यातून वजा होते. नव्या करप्रणालीतही होते. परत करायची अनामत रक्कम उत्पन्नात धरली जात नाही.

विवरणपत्र भरावे लागेल का?

नव्या करप्रणालीत एकूण उत्पन्न ४ लाखांपेक्षा जास्त असल्यास विवरणपत्र भरावे लागते. भाडे, पेन्शन, बँकेचे व्याज अशा उत्पन्नावर १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो, पण विवरणपत्र भरण्यातून सुटका होत नाही. मुदत ३१ जुलै २०२६.

भाडेकरू नोकरदार असेल आणि वर्षाचे भाडे १ लाखापेक्षा जास्त असेल, तर घरभाडे भत्त्याची सवलत घेण्यासाठी तो आपला पॅन क्रमांक मागेल. ही मागणी नियमानुसारच आहे. तो पॅन त्याच्या कंपनीमार्फत आयकर विभागाकडे जातो, त्यामुळे भाडे रोख घेतले म्हणून ते लपून राहील असे समजू नका.

पेन्शन घेणाऱ्यांनी हे आधी वाचा

निराधार महिलांसाठीच्या (विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता) दिल्ली सरकारच्या पेन्शन योजनेत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये आहे. यात सर्व मार्गांचे उत्पन्न येते, म्हणजे खोलीचे भाडेही. वरील उदाहरणातील बाईंचे ९६,००० रुपये मर्यादेत बसतात. भाडे ५०० रुपयांनी वाढवले की वर्षाचे १,०२,००० होतात. महिन्याला ५०० जास्त मिळवताना २,५०० रुपयांची पेन्शन अडचणीत येऊ शकते. ३० टक्के वजावट हा आयकर कायद्यातील नियम आहे. ती धरून ‘माझे उत्पन्न एक लाखाच्या आत आहे’ असे परस्पर लिहू नका. अर्जात पूर्ण भाडे लिहा आणि निर्णय जिल्हा कार्यालयाला घेऊ द्या. भाडे वाढवण्यापूर्वी ही बेरीज एकदा कागदावर करून पाहावी.

गावाकडे शेती असून पीएम-किसानचा हप्ता मिळत असेल तर निकष वेगळा आहे. मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेल्या कुटुंबाला तो हप्ता मिळत नाही.

महानगरपालिकेचा मालमत्ता कर

दिल्ली महानगरपालिकेच्या हिशेबात स्वतः राहत असलेल्या भागासाठी ताबा (ऑक्युपन्सी) गुणांक १, तर भाड्याने दिलेल्या भागासाठी २ असतो. म्हणजे त्या खोलीचा कर दुप्पट होतो. महिला, ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग मालकांना मिळणारी ३० टक्के सवलतही स्वतः राहत असलेल्या घरासाठीच आहे, त्यामुळे स्वयंनिर्धारण अर्जात भाड्याचा भाग वेगळा दाखवा. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद येथे मालमत्ता कराचे नियम त्या-त्या राज्याचे आहेत. आयकराचे नियम सर्वत्र सारखेच.