नोंद नाही म्हणजे आजार नव्हता?

समजा, ‘मंगरूळपीर तालुक्यात ल्यूपस कधीपासून आहे?’ हा तुमचा संशोधन-प्रश्न आहे. नोंदी कुठे शोधाल? १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात, मग अकोल्यात, १९९८ पासून पुन्हा वाशीममध्ये. दोन्ही ठिकाणी शोधा. पण खरी गोम पुढे आहे.

ल्यूपस फक्त त्वचेपुरता नाही, हे व्हिएन्नात कापोसीने १८७२ मध्ये मांडलं. अस्थिमज्जेतली खूण सापडली थेट १९४८ मध्ये, अमेरिकेत. म्हणजे त्याआधीच्या कागदांत फार तर ‘ताप’, ‘सांधेदुखी’, ‘चट्टे’ असंच मिळणार. चाचणी आल्यावरही ही लक्षणं एकत्र जोडणारी नजर लागतेच, आणि ती रुग्णांमध्ये राहूनच तयार होते. तेवढा काळ शिकणाऱ्या डॉक्टरचं घर चालावं, म्हणून फेलोशिपला विद्यावेतन असतं.

पुण्याजवळ भिगवणला १९९६ मध्ये सांधेदुखीची घरोघरी पाहणी झाली. तिथे दुखणं दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. दारात जाऊन विचारलं.

तेव्हा आकडा शून्य दिसला, तर लगेच निष्कर्ष काढू नका. आधी विचारा: हा आजार ओळखायला शिकलेलं कुणी तेव्हा तिथे होतं का? आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च कुणी उचलला होता?