गाणं घरी आलं त्याची हकीकत

माझा नातू सहावीत आहे. मागच्या उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "आबाजी, तुमच्या टायमाले गाणे कोठून डाउनलोड करत होते?" मी हसलो. पण सांगायला बसलो तर रात्रीचे दहा वाजले, आणि तो मधातच झोपून गेला. त्याला सांगायचं राहिलं ते इथं लिहून ठेवतो.

आमचं गाव आर्णीच्या बाजूचं, अरुणावती नदीच्या खोऱ्यातलं. कापूस, तूर, ज्वारी. माझा जन्म 1961 चा. तेव्हा गावात लाईट नव्हती. घरात गाणं होतं ते फक्त जात्यावर. माय पहाटे चारला दळायला बसे. आम्ही भावंडं गोधडीत डोळे मिटून, आणि कानात जात्याची घरघर अन् तिच्यावर मायचा आवाज. ओवीत तिचं माहेर यायचं, भाऊ यायचा, पंढरी यायची. कधी सासूचीही उणीदुणी निघायची, आणि आजी पलीकडे जागी असायची. पण जात्यावर बसलेल्या बाईला काही म्हणायचं नाही, असा घराघरातला रिवाज होता. आम्ही त्याला गाणं म्हणतच नव्हतो. गाणं म्हणजे बाहेरून आलेलं.

1970 च्या नंतर गावात डिझेल इंजिनवरची चक्की आली. बायांचे हात सुटले. हे चांगलंच झालं. जात्याच्या नावानं गहिवरणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण चक्कीसोबत ओवीही थांबली. कोणी मनाई केली नाही. जातंच फिरत नाही तर बाई म्हणणार कशावर?

बाहेरचं गाणं आलं ते लग्नाच्या भोंग्यातून. लाउडस्पीकरवाला दिग्रसहून बंडीत बसून यायचा. सोबत बॅटरी, भोंगा आणि तव्यांची पेटी. रेकॉर्डला आम्ही तवा म्हणायचो. तव्याच्या मधोमध भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र. आम्ही पोरं त्याच्या भवती गराडा घालून बसायचो. वापरून टाकलेली पिन मिळाली तर ती आगपेटीत जपून ठेवायची. त्याच्याजवळ तवे वीस-पंचवीस, लग्न दोन दिवसांचं. त्यामुळे तेच गाणं दहा दहा वेळा लागायचं. आजही त्यातलं एखादं ऐकलं की मला सिनेमा आठवत नाही. ते कोणाच्या लग्नात वाजलं होतं ते आठवतं, अन् त्या लग्नातल्या बुंदीचा वास येतो.

रेडिओ पहिल्यांदा आला तो गावच्या पाटलांकडे. रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागे आणि दरसाल पैसे भरावे लागत, हे आजच्या पोरांना खोटं वाटतं. संध्याकाळी पाटलांच्या ओट्यावर मोठी माणसं बसत, ओट्याखाली आम्ही, आणि आमच्याही मागं, रस्त्याच्या पलीकडे, बौद्धपुऱ्यातली पोरं. तिकडे आवाज तुटक तुटक जायचा. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं.

नागपूर आकाशवाणी 1948 पासूनची. तिच्यावर शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, भजनं. सिनेमाच्या गाण्यांची गोष्ट मात्र निराळी होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नावाचे आपले मराठी माणूसच 1952 मध्ये दिल्लीत नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताची भारी आवड. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांचा कान बिघडतो, असं त्यांचं मत होतं. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ गेली. मग लोकांनी काय केलं? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली होती, दर बुधवारी रात्री आठला, अमीन सयानींच्या आवाजात. सरकारला शेवटी 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. आणखी एक गंमत अशी, की 1940 पासून कितीतरी वर्षं आकाशवाणीनं पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी घातली होती. आमच्या देवळातल्या भजनाला पेटीशिवाय सुरुवात होत नसे, आणि रेडिओवर पेटीला पाऊल ठेवता येत नव्हतं! लोकांनी काय ऐकावं हे वर बसून ठरवणारे तेव्हाही होते.

बिनाका मी ऐकली ती पुढे, सत्तरच्या सालांत. सिलोनचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा, दूर जायचा. गाणं ऐन रंगात आलं की नेमकी खरखर. राहिलं ते राहिलं, पुढच्या बुधवारपर्यंत थांबायचं. ते आठ दिवस गाणं डोक्यात अर्धंच फिरत राहायचं. निंदणात, डवऱ्यामागं चालताना, राहिलेली ओळ आपल्या मनानं जोडायची. 1977 ला मी दहावी झालो आणि वावरात उतरलो. तोवर घरी आमचाही ट्रान्झिस्टर आला होता. फर्माईशीची कार्डंही टाकली. तेव्हाच्या बिहारातल्या झुमरी तलैया गावाचं नाव रोज यायचं, तसं आपल्या गावाचं एकदा तरी यावं अशी हाव. चार-पाच कार्डं गेली. नाव आलं नाही.

मग टेप आला. ऐंशीच्या सालांत टी-सीरिजनं कॅसेट स्वस्त केली आणि गाणं पहिल्यांदाच गरिबाच्या खिशात बसलं. आर्णीला कंबलपोष बाबांच्या यात्रेत कव्वालीच्या कॅसेटींची दुकानं लागत. 14 एप्रिलला बौद्धपुऱ्यातून प्रल्हाद शिंद्यांचा आवाज असा निघायचा की आमच्या वाड्यापर्यंत भिंती हालत. ज्यांना रस्त्याच्या पलीकडून तुटक ऐकावं लागे, त्यांचा आता स्वतःचा टेप होता, आणि ऐकण्याची पाळी आमची होती.

आता जे सांगायचं ते या टेपापाशीच आहे.

माझा मामा बल्लारपूरला कामाला होता. 1986 च्या दिवाळीला तो भाऊबीजेला आला तो नवा टेप घेऊन. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मायला म्हटलं, "बाई, जात्यावरचं म्हण ना. मी भरून घेतो." माय लाजली. "जात्याबिगर कसं येईल?" म्हणाली. मग मामानं कोपऱ्यातलं जातं पुसून घेतलं, मूठभर ज्वारी टाकली, आणि ती बसली. साठ मिनिटांच्या कॅसेटीची एक बाजू अख्खी आणि दुसरी अर्धी भरली. मधात आमचा बैल हंबरला तोही भरला गेला. मामा हुशार माणूस. त्यानं कॅसेटीच्या मागच्या दोन्ही चकत्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की कॅसेटीवर दुसरं काही भरता येत नाही. कॅसेट मायला देऊन तो गेला.

1990 मध्ये माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. त्या साली 'मैंने प्यार किया' सगळीकडे वाजत होता. नव्या कॅसेटीला पैसे नव्हते, कापसाचे चुकारे यायचे होते. बाजारच्या गावी एक दुकानदार आपलीच कॅसेट नेली तर थोड्या पैशात गाणी भरून द्यायचा. घरात सापडली ती कॅसेट मी नेली. कोणती आहे हे मला माहीत होतं. 'नुसती अर्धीच तर भरली आहे, ती अर्धी सोडून भर' असं सांगायचं ठरवून गेलो होतो. दुकानात गर्दी. मी सांगितलं की नाही हे आज मला नक्की आठवत नाही. चकत्या मोडलेल्या पाहून त्यानं त्या भोकांवर चिकटपट्टी लावली, एवढं मात्र डोळ्यांसमोर आहे. तेव्हाही मी थांब म्हटलं नाही.

लग्न झोकात झालं. नंतर मायला कळलं. ती क्षणभर कॅसेटीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "जाऊ दे बाबू. मी हाये ना. पुन्हा म्हणीन." चार वर्षं होती ती त्यानंतर. पुन्हा भरायचं राहूनच गेलं. कधी टेप बिघडलेला, कधी सोंगणी, कधी मीच विसरलेलो. 1994 ला ती गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो. सीडी आली, आमच्याकडे फार टिकली नाही. मग मोबाईलचं कार्ड. पानठेल्याच्या बाजूच्या दुकानात वीस-तीस रुपये दिले की पोरगा कॉम्प्युटरवरून कार्डात शेकड्यानं गाणी ओतून देई, युरियाचं पोतं भरल्यासारखी. कोणती ते त्यालाही माहीत नसे. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, मार्चपर्यंत नेट फुकट. रात्रपाळीच्या लाईनवर ओलीत करणारे आम्ही, मोटर सुरू करून धुऱ्यावर बसायचो आणि मोबाईल पाहायचो. हातात अख्खा रेडिओ सिलोन, आणि बुधवारची वाट नाही.

नुसती नालस्ती करणारा मी नाही. या फुकटच्या नेटनं मला जे दिलं ते कोणत्याही रेडिओनं दिलं नव्हतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 ला गेले तेव्हा मी सात वर्षांचा. गावात त्यांची भजनं पाठ नाहीत असं घर नाही, पण महाराजांचा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो छप्पन्नाव्या वर्षी, मोबाईलवर. लगोलग बाबांना ऐकवला. ते तेव्हा पंच्याऐंशीचे, तरुणपणी मोझरीला पायी जाऊन ऐकून आलेले. मोबाईल कानाला लावून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आवाज तोच हाये. पण खंजेरी लहान वाटते." आणि थोड्या वेळानं, "पुन्हा लाव."

आमच्या शिवेला बंजाऱ्यांचा तांडा आहे. होळीच्या दिवसांत त्यांची लेंगी रात्रभर चालते. आम्ही जागलीला असलो की दुरून ऐकायचो, एवढंच. आता तांड्यातली पोरं तेलंगणातल्या, कर्नाटकातल्या तांड्यांची गाणी मोबाईलवर लावतात. माझ्याकडे सालदार होता तो एकदा म्हणाला, "भाऊ, आमची बोली इतक्या लांब बोलतात हे आमच्या म्हाताऱ्याइले मालूम होतं, पण ऐकलं आम्हीच पहिल्यांदा."

खटकतं ते निराळंच. भजनात, भीमगीतात कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली, ती गायन पार्ट्यांच्या तोंडून गावोगाव गेली. छापील नाव कुठे असो-नसो, शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की ऐकणाऱ्याला मालक कळायचा. चोरणाऱ्याला नाव काढायचं तर कडवंच मोडावं लागे. मामानं मोडलेल्या चकत्यांसारखाच हा बंदोबस्त. पण आता पोरं तीस सेकंदांचा तुकडा ऐकतात. शेवटचं कडवं येतच नाही. नातवाला विचारलं, "हे कोणाचं?" तर ज्यानं मोबाईलवर टाकलं त्याचं नाव सांगतो. आणि एक लेंगी ऐकली की मोबाईल आठवडाभर लेंगीच पुढे करत राहतो. केसकर साहेबांवर लोक निदान चिडू तरी शकत होते.

दोन वर्षांपूर्वी नातवानं विचारलं, "आबाजी, तुम्हाले काय शोधून देऊ?" मी म्हटलं, जात्यावरची ओवी. त्यानं शोधलं तर काय निघावं! पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्व्हाँ यांनी ऐंशी-नव्वदच्या सालांत खेड्यापाड्यांत फिरून बायांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखावर. आपल्या जिल्ह्यातल्या आत्महत्यांवर ज्यांनी इतकं लिहिलं त्या पी. साईनाथांच्या 'पारी' संस्थेनं 2017 पासून त्या नेटवर फुकट ठेवल्या आहेत. मुख्य म्हणजे प्रत्येक ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं आहे.

मुळशीकडच्या बाया म्हणत होत्या. मी ऐकत बसलो. चाल आमची नाही, बोली आमची नाही, पण माहेर तेच, भाऊ तोच. मामा ज्या दिवाळीला टेप घेऊन आला, त्याच सुमाराला तिकडे कोणीतरी दुसरं घरोघरी फिरून हेच गोळा करत होतं, आणि त्यांचं राहिलं. 'मैंने प्यार किया'ची गाणीही नातवानं लावून दाखवली. सगळी आहेत. पाहिजे तितक्या वेळा, फुकट.

माझी घरधनीण चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "मामीजी असं नव्हत्या म्हणत. दुसरी ओळ अशी वर नेत होत्या." आणि तिनं हातानं दाखवलं, तोंडानं नाही. मायजवळ ती दहा-बारा वर्षं वावरलेली. म्हण म्हटलं तर म्हणते, "जात्याबिगर नाही येत."

जातं आहे. वरची पाळी तुळशीच्या ओट्यात चिणलेली होती ती नातवानं आणि मी सब्बल लावून काढली. खालची कोठ्यामागं मातीत होती. टाकी लावून घेतली. खुंटा मात्र सडून गेला आहे. सुताराला बाभळीचा नवा करायला सांगितला, तर तो म्हणतो, "पेरण्या होऊ द्या भाऊ, मग पाहू."