चंद्र मोजला, सूर्य गृहीत धरला

१/ नकाशावर महाडहून प्रतापगडाकडे रेषा ओढा. ती आग्नेयेस जाते. पोलादपूरहून ओढलेली रेषा पूर्वेकडे अधिक झुकते. दोन गावांमधील अंतर आणि दोन्ही कोन ठाऊक असले, की गडावर पाऊल न ठेवता त्याचे अंतर काढता येते. पाहणाऱ्याची जागा बदलली की वस्तू सरकल्यासारखी दिसते. आपल्या ज्योतिषग्रंथांत याला ‘लंबन’ म्हणतात.

२/ हाच प्रयोग चंद्रावर केला तर? महाड आणि पोलादपूर यांत सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटर अंतर. तेवढ्याने चंद्र फार तर सहा विकला सरकतो, म्हणजे त्याच्या बिंबाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतका. येथे पाया पृथ्वीएवढाच हवा.

३/ याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये (इ. स. १५२०) ‘ग्रहलाघव’ रचला. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके त्यावरून होत राहिली. सूर्यग्रहणाच्या गणितात लंबन अपरिहार्यच होते.

४/ सूर्यसिद्धांतात चंद्रकक्षेचा परिघ ३,२४,००० योजने आणि पृथ्वीचा व्यास १,६०० योजने आहे. यावरून चंद्राचे अंतर पृथ्वीच्या सुमारे ६४ त्रिज्या येते. आजचे सरासरी मान ६० त्रिज्या. हे यश थक्क करणारे आहे.

५/ सूर्याचे अंतर मात्र सुमारे ८६२ त्रिज्या येते. प्रत्यक्षात ते २३,४०० हून अधिक आहे. सत्तावीस पटींची ही चूक का झाली? चंद्राचे लंबन जवळपास एक अंश, त्यामुळे ग्रहणांवरून ते पडताळता येई. सूर्याचे जेमतेम नऊ विकला. नुसत्या डोळ्यांना ते अगम्य. म्हणून सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात, असे गृहीत धरले गेले. गृहीतक चुकले आणि अंतरही चुकले.

६/ अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली जन्मलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून नवे युरोपीय गणित मराठीत आणले. त्यांच्याच हयातीत, ९ डिसेंबर १८७४ रोजी, शुक्र सूर्यबिंबावरून गेला. पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून त्याच्या वेळा नोंदवून सूर्याचे अंतर काढण्यासाठी अनेक देशांची पथके निघाली. इटालियन पथक तर बंगालमध्ये मुद्दापूरला आले होते. आजचे मान सुमारे १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर आहे.

७/ ताऱ्यांसाठी पृथ्वीही अपुरी पडली. तेव्हा तिची कक्षाच पाया झाली: सहा महिन्यांच्या अंतराने पाहायचे, म्हणजे दोन जागांमध्ये सुमारे ३० कोटी किलोमीटर पडतात. बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे लंबन असेच मोजले. तो सुमारे ११ प्रकाशवर्षांवर आहे.

८/ ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ आणि ‘काहीच ठाऊक नव्हते’, ही दोन्ही विधाने या आकड्यांपुढे टिकत नाहीत. जुना ग्रंथ वाचताना प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारावा: हा मोजलेला आहे, की मानलेला?