कावा आणि वर्तन : अश्वशिक्षणाचा थोडा इतिहास

‘गनिमी कावा’ हा शब्द ज्याच्या कानावरून गेला नाही असा मराठी माणूस विरळाच. परप्रांतात वाढलेल्या आपल्या मुलांनाही तो ठाऊक असतो. मात्र नुसता ‘कावा’ म्हणजे काय, असे विचारले तर कपट, डावपेच, फसवणूक एवढेच उत्तर मिळते. आम्हीही वयाच्या पंचविशीपर्यंत हेच उत्तर दिले असते. त्याचा मूळ अर्थ आम्हांस कळला तो उत्तरेकडील एका पागेत, आणि तोही गळ्याचे हाड मोडून घेतल्यानंतर.

सरकारी नोकरीच्या आरंभी, प्रशिक्षणाच्या काळात, आम्हांस घोड्यावर बसण्यास शिकावे लागले. पहिले काही दिवस खोगिराचे नावच नव्हते. घोड्याला खरारा करावा, चंदीचा तोबरा चढवावा, दोर हाती धरून त्यास चालवावे, थांबवावे, मागे सरकवावे, एवढाच पाठ. आम्हांस त्याचा कंटाळा येई. पुढे स्वार होण्याची परवानगी मिळाली तेव्हा एके सकाळी वृद्ध मोतद्दाराने हटकले, “साहब, दो दिन से थान पर बँधा है. पहले कावा दीजिए, फिर बैठिए.” आम्ही ते मनावर घेतले नाही. घोड्याने खोगीर घालताना पोट फुगविले होते. थोडे चालवून तंग पुन्हा आवळावयाचा असतो, तेही राहिले. मैदानात शिरताच जनावर उधळले, खोगीर एका अंगास घसरले आणि आम्ही भूमीस मिळालो.

दुसऱ्या दिवशी मोतद्दार भेटीस आला, तेव्हा त्यास विचारले, की कावा म्हणजे काय? त्याने हवेत बोट फिरवून दाखविले. लांब दोराच्या एका टोकास घोडा, दुसऱ्या टोकास शिक्षक; घोड्यास वर्तुळात काही फेरे डावीकडून, काही उजवीकडून फिरवावयाचे. त्याची साचलेली रग जिरते, अंग मोकळे होते आणि शब्दासरशी चालणे, दौडणे, थांबणे त्यास कळू लागते. पुढे जुने मराठी कोश चाळले, तेव्हा तेथेही कावा म्हणजे घोड्यास चक्राकार फिरविणे हा अर्थ आढळला. घोडा झपाट्याने वळवून शत्रूस हुलकावणी देण्याच्या विद्येवरूनच तो युद्धनीतीत आला असावा, असे मानण्यास जागा आहे.

ही फेऱ्यांची विद्या मात्र मराठ्यांहून कितीतरी पुरातन आहे. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे हित्ती लोकांच्या राजधानीचे अवशेष आहेत. तेथील मृत्तिकाफलकांत मितान्नी देशाच्या किक्कुली नामक अश्वशिक्षकाचा ग्रंथ मिळाला. त्याचा काळ इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. रथाच्या घोड्यांस काही महिन्यांत कसे तयार करावे, त्यांस किती अंतर चालवावे, केव्हा धुवावे, केव्हा पाणी व चारा द्यावा, याची दिवसवार नोंद त्यात आहे. ग्रंथाची भाषा हित्ती. परंतु फेऱ्यांची नावे ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नववर्तन्न अशी! एक, तीन, पाच, सात, नऊ हे आकडे आणि ‘वर्तन’ हा शब्द मराठी वाचकास समजावून सांगावा लागू नये. एके काळी घोड्याच्या फेऱ्यास लावलेला हा शब्द आज आपण माणसाच्या वागणुकीस लावतो.

आपल्याकडे शालिहोत्र ऋषीच्या नावाने अश्वविद्येची परंपरा चालत आली. उत्तरेत घोड्याच्या वैद्यास दीर्घकाळ ‘सलोतरी’ म्हणत ते त्यावरूनच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथातही घोड्यांची लक्षणे, त्यांचे शिक्षण आणि वाजिवाह्याली, म्हणजे घोडे फिरविण्याच्या मैदानावरील खेळ, यांस स्थान आहे.

मराठ्यांच्या घोडदळाची कीर्ती पोवाड्यांनी गायिली ती दौडीची. त्या दौडीमागील पागेची व्यवस्था सभासदाच्या बखरीत दिसते. ही बखर लिहिली गेली ती महाराष्ट्रापासून दूर, तमिळ मुलुखातील जिंजी येथे, राजाराम महाराजांच्या काळात. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. पावसाळ्यात घोडी छावणीस येत. तेथे दाणा-वैरण साठविलेली असे. दसऱ्यानंतर पुन्हा स्वारी निघे. म्हणजे आठ महिन्यांच्या पराक्रमामागे चार महिन्यांची निगा उभी होती.

या निगेविषयी शिवाजी महाराजांची दृष्टी किती बारीक होती, हे राज्याभिषेकापूर्वी चिपळूण भागातील लष्करास त्यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रावरून कळते. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा व गवत आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशी तंबी त्यात आहे. इतकेच नव्हे, तर जळता दिवा तसाच ठेवला आणि उंदराने वात पळविली तर गवताच्या गंजीस आग लागेल, हेही बजावले आहे. ज्या राजाने किल्ले घेतले त्यास उंदराच्या तोंडातील वातीचेही भान होते. उलट १७६० च्या अखेरीस पानिपतावर रसद तुटली, दाणावैरण संपली, घोडी खंगली. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी लढावे लागले ते अशा उपाशी जनावरांनिशी. पराभवाची कारणे अनेक आहेत, पण हे कारण त्यांत लहान नव्हे.

भीमेच्या खोऱ्यातील ती काटक, ठेंगणी भीमथडीची तट्टे आता थोडीच उरली आहेत. अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून शासकीय नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट होय. वाहनांच्या युगात घोडा मागे पडला, तरी त्याचा स्वभाव बदललेला नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने थेट मागचे त्यास दिसत नाही; म्हणून पाठीमागून जाऊ नये, खांद्याच्या बाजूने बोलत जावे, आधी मानेस हात लावावा. तो भक्ष्य होणारा प्राणी. भय वाटले की पळणे हेच त्याचे शस्त्र. ते भय चाबकाने जात नाही, रोजच्या ओळखीने जाते. आमचे हाड सांधल्यावर आम्ही त्याच घोड्यापाशी गेलो, महिनाभर केवळ खरारा केला, कावा दिला आणि मगच रिकिबीत पाय ठेवला. त्यानंतर त्याने आम्हांस कधी पाडले नाही.

आज आमच्या नातवंडांस कावा म्हणजे लबाडी एवढेच ठाऊक आहे. पागा गेली, मोतद्दार गेले, आणि त्यांच्याबरोबर तोबरा, तंग, ठाण हे शब्दही निघाले. ज्या शब्दास रोजचे काम उरत नाही तो शब्द टिकत नाही. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे या परक्या गावी मराठी जपली, ती गणेशोत्सवाच्या नाटकांनी जपली असे वरवर वाटते. आमचा अनुभव वेगळा सांगतो. दर रविवारी चार मुलांस जमवून बाराखडी गिरवून घेणाऱ्या भगिनी आणि ग्रंथालयाची किल्ली सांभाळणारे वृद्ध सभासद हे या मंडळाचे मोतद्दार होत. उत्सवाची दौड सर्वांस दिसते. तिच्या आधीचा कावा त्यांनी दिलेला असतो. त्यांस आमचे सादर वंदन.