कोयना खोऱ्यातील भूकंपनोंदी आणि शासकीय भूविज्ञान (1962-1972)

प्रास्ताविक

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसराला भूकंपाचा तीव्र धक्का बसला. माणसे झोपेत असताना घरे कोसळल्याने सुमारे 180 ते 200 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या, शेकडो जखमी झाल्या आणि कोयनानगरातील बहुतांश घरे राहण्यायोग्य उरली नाहीत. (जागतिक प्रमाणवेळेनुसार ती 10 डिसेंबरची रात्र होती. त्यामुळे आंतरराष्ट्रीय शोधसाहित्यात हा भूकंप 10 डिसेंबरचा म्हणून नोंदला जातो आणि महाराष्ट्राच्या स्मृतीत तो 11 डिसेंबरचा आहे. संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्यामुळे गोंधळ होतो, म्हणून हा खुलासा आरंभीच केलेला बरा.)

या भूकंपावर विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे लेखन 1967 ला आरंभबिंदू मानते. दख्खनचे पठार भूकंपमुक्त आहे अशा गाढ समजुतीत शासन आणि शास्त्रज्ञ होते व या धक्क्याने ते जागे झाले, अशी त्याची मांडणी असते. ही मांडणी अर्धसत्य आहे. भूकंपाआधी चार-पाच वर्षे शासनाचीच एक संशोधनसंस्था या खोऱ्यातील लहान धक्क्यांची नोंद घेत होती आणि त्यावरील निबंध 1966 मध्ये विद्वत्सभेपुढे मांडला गेला होता. शासकीय विज्ञानाला काय ठाऊक होते आणि ते ज्ञान कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी गोळा केले जात होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रकल्प आणि 'स्थिर' पठाराची कल्पना

कोयना नदी महाबळेश्वराजवळ उगम पावून सह्याद्रीच्या समांतर दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेस मिळते. तिचे पाणी अडवून डोंगरातून पश्चिमेकडे वळवायचे व कोकणाच्या बाजूच्या उताराचा लाभ घेऊन वीजनिर्मिती करायची, ही कल्पना स्वातंत्र्यपूर्व काळातील आहे. ती प्रत्यक्षात आली मात्र 1950 च्या दशकात. 103 मीटर उंचीचे रबल काँक्रीटचे धरण, सुमारे 2,780 दशलक्ष घनमीटर क्षमतेचा शिवाजीसागर जलाशय आणि पोफळी येथील भूमिगत वीजगृह असे या प्रकल्पाचे स्वरूप होते. 1962 मध्ये वीजनिर्मितीला प्रारंभ झाला. 1960 मध्ये अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्र राज्याच्या औद्योगिक आकांक्षा या प्रकल्पाशी किती निगडित होत्या, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

द्वीपकल्पीय भारत हा प्राचीन व स्थिर भूखंड आहे, मोठे भूकंप हिमालयात, आसामात किंवा कच्छमध्ये होतात, ही त्या काळातील पाठ्यपुस्तकांची शिकवण होती. तिच्यामागे पुरावा नव्हता असे नाही. 1819 चा कच्छचा, 1897 चा आसामचा, 1934 चा बिहारचा आणि 1950 चा आसामचा भूकंप, हे सर्व मोठे धक्के पठाराच्या बाहेरच घडले होते. परंतु सह्याद्रीच्या दुर्गम भागात भूकंपलेखक यंत्रेच नव्हती. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे यंत्र बसविले गेले असले तरी कोयनेसारख्या खोऱ्यातील लहान धक्के दुरून पकडणे त्याला शक्य नव्हते. जेथे मोजणारे कोणी नव्हते तेथे काही घडत नाही, असा निष्कर्ष नकळत रूढ झाला.

तथापि, धरणाच्या अभियंत्यांनी भूकंपाचा विचारच केला नव्हता, हा आक्षेपही टिकत नाही. धरणाच्या रचनेत 0.05 इतका भूकंपगुणांक, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या पाच टक्के एवढे क्षितिजसमांतर बल, गृहीत धरलेले होते. स्थिर मानल्या गेलेल्या प्रदेशासाठी त्या काळी ही तरतूद पुरेशी समजली जात असे.

खडकवासल्याच्या नोंदी

1962 मध्ये जलाशय भरू लागल्यानंतर परिसरातील लोकांना जमिनीचे हादरे जाणवू लागले, कधी त्यांबरोबर गडगडाटासारखा आवाजही ऐकू येई. या तक्रारींची दखल घेऊन केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, खडकवासला, या संस्थेने भूकंपलेखक केंद्रांचे लहानसे जाळे उभारले. कोयना, गोवळकोट, सातारा व महाबळेश्वर ही ती चार ठिकाणे होत.

येथे या संस्थेच्या पूर्वपीठिकेकडे लक्ष देणे आवश्यक आहे. 1916 मध्ये मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्याचा एक विशेष विभाग म्हणून तिचा जन्म झाला. क्लॉड इंग्लिस यांच्या नेतृत्वाखाली ती नद्या, कालवे व सांडवे यांच्या प्रतिकृतींवरील प्रयोगांसाठी प्रसिद्धीस आली आणि 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र शासनाकडे गेली. म्हणजे कोयनेच्या हादऱ्यांची पहिली व्यवस्थित नोंद घेणारी संस्था मुळात जलाभियांत्रिकीची होती. भूविज्ञानाचा अधिकार परंपरेने ज्यांच्याकडे होता, ते 1851 मध्ये स्थापन झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि भूकंपवेधाचे काम पाहणारे भारतीय हवामानशास्त्र खाते, या दोन्ही संस्थांच्या रूढ चाकोरीबाहेर ही नोंद सुरू झाली. माझ्या मते ही घटना केवळ योगायोगाची नाही. धरण ज्यांच्या विचारविश्वाचा केंद्रबिंदू होते त्यांना पाण्याची पातळी हा आकडा रोज डोळ्यांसमोर दिसत होता. भूवैज्ञानिकाच्या नकाशात ती पातळी नसते.

एस. के. गुहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये रुरकी येथील भूकंप अभियांत्रिकीच्या तिसऱ्या परिसंवादात शिवाजीसागर परिसरातील भूकवचाच्या हालचालींवर निबंध सादर केला. धक्क्यांचे केंद्र जलाशयाच्या आसपास व उथळ खोलीवर असणे आणि जलाशयातील पाण्याशी त्यांचा संबंध, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढच्याच वर्षी इस्तंबूल येथील मोठ्या धरणांविषयीच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पी. एम. माने यांनीही कोयना प्रकल्पक्षेत्रातील धक्क्यांवर निबंध मांडला. ही दोन्ही सादरीकरणे डिसेंबर 1967 च्या आधीची आहेत.

याचा अर्थ शासनाला भूकंपाची पूर्वसूचना होती असा काढला जातो. तसा तो काढणे अनैतिहासिक ठरेल. लहान धक्क्यांच्या मालिकेनंतर मोठा धक्का येईलच, असे सांगण्याचे कोणतेही साधन तेव्हा उपलब्ध नव्हते आणि आजही ते नाही. 13 सप्टेंबर 1967 रोजी पाचहून अधिक रिश्टरचा जो धक्का बसला, तो आज आपण पूर्वधक्का म्हणून वाचतो. त्या दिवशी तो केवळ आजवरचा सर्वांत मोठा धक्का होता. परंतु याची दुसरी बाजूही आहे. नोंदी घेतल्या जात होत्या त्या धरणाच्या सुरक्षिततेसाठी. दगड-मातीच्या भिंतींच्या घरांत राहणाऱ्या माणसांसाठी त्या नोंदींतून काही निष्पन्न व्हावे, अशी कोणतीही व्यवस्था शासनयंत्रणेत नव्हती. धरण तडकले पण उभे राहिले. घरे पडली.

धक्का आणि त्याची मोजदाद

मुख्य धक्क्याच्या तीव्रतेविषयी आरंभी वेगवेगळे आकडे पुढे आले. पुढे रिश्टर प्रमाणावर 6.3 हा आकडा रूढ झाला. धरणाच्या अंतर्भागातील गॅलरीत बसविलेल्या त्वरणलेखकाने धरणाच्या अक्षाला समांतर दिशेत 0.63, आडव्या दिशेत 0.49 आणि ऊर्ध्व दिशेत 0.34 ग्रॅ., म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या तितक्या पट, एवढे कमाल त्वरण नोंदविले. 0.05 च्या शेजारी 0.63 हा आकडा ठेवून धरणाची रचना बारा पटींनी चुकली, असे विधान काही लोकप्रिय लेखांत आढळते. ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नाही. रचनेतील गुणांक हे स्थिर समजलेले बल असते, तर त्वरणलेखकाने टिपलेले कमाल मूल्य हे क्षणमात्र टिकणारे असते. या दोहोंची थेट तुलना होत नाही. तरीही रचनेची रूढ पद्धत अपुरी होती, हे धरणानेच दाखवून दिले. माथ्यापासून सुमारे 36 मीटर खाली, जेथे खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीवर सांडव्याबाहेरील उंच भागांना भेगा पडल्या. स्थिर बलाच्या गणिताने हे ठिकाण कमकुवत ठरत नव्हते. बर्कले येथील अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभी गतिकीय विश्लेषणाने या भेगांचा उलगडा केला. कोयनेची त्वरणनोंद आजही जगभरातील काँक्रीट धरणांच्या अभ्यासात वापरली जाते. धरणाच्या भेगा राळेने भरून, पोलादी तारांनी ताण देऊन आणि पुढे मागील बाजूस काँक्रीटचे आधारस्तंभ उभारून ते मजबूत करण्यात आले.

कारणमीमांसेचा वाद

भूकंपानंतर अनेक शासकीय संस्था एकाच वेळी कोयनेत दाखल झाल्या. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जमिनीला पडलेल्या भेगांची पाहणी केली. केंद्र शासनाने तज्ज्ञसमिती नेमली आणि युनेस्कोमार्फत परदेशी तज्ज्ञही आले. भूवैज्ञानिकांपैकी अनेकांचा कल हा भूकंप नैसर्गिक, भूकवचातील ताणांमुळे झालेला मानण्याकडे होता. पश्चिम किनाऱ्याला समांतर असलेली भंगरेषा व कोकणातील उष्ण झऱ्यांची रांग त्यांच्या बाजूने बोलत होती. दुसरा पक्ष जलाशयाकडे बोट दाखवीत होता.

दुसऱ्या पक्षाला आधार मिळाला तो बाहेरील उदाहरणांचा. अमेरिकेत हूवर धरणामागील लेक मीड 1935 पासून भरू लागल्यावर पुढच्याच वर्षी धक्के जाणवले आणि तेथील शासकीय किनारा व भूमापन खात्याचे डी. एस. कार्डर यांनी 1945 मध्ये जलाशय व धक्के यांचा संबंध मांडला होता. चीनमधील शिनफेंगजियांग (1962), आफ्रिकेतील करिबा (1963) आणि ग्रीसमधील क्रेमास्ता (1966) येथे सहाच्या आसपास किंवा त्याहून मोठे भूकंप झाले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील (स्थापना 1961) हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी व हरी नारायण यांनी 1972 मध्ये या घटनांची तुलना करून पूर्वधक्के, पश्चातधक्के आणि पाण्याची पातळी यांतील समान वैशिष्ट्ये दाखविली.

मतभेदाचे मूळ कार्यकारणाच्या स्वरूपात होते. शंभर मीटर पाण्याचा भार सुमारे दहा वातावरणे एवढाच होतो. काही किलोमीटर खोलीवरील खडकांतील ताणांच्या तुलनेत तो नगण्य. मग एवढ्याशा भाराने भूकंप कसा होईल, हा संशयवाद्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर भाराऐवजी पाण्याच्या शिरकावात शोधावे लागले. किंग हबर्ट व अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम रुबी यांनी 1959 मध्ये खडकांच्या रंध्रांतील द्रवाचा दाब वाढला की भंगपृष्ठावरील घर्षण घटते, असे प्रतिपादन केले होते. डेन्व्हरजवळ 1962 पासून खोल विहिरीत सांडपाणी सोडल्यावर भूकंपांची मालिका सुरू झाली, तेव्हा या सिद्धांताला अनपेक्षित पुरावा मिळाला. यानंतर 'नैसर्गिक की मानवनिर्मित' हा प्रश्नच काहीसा निरर्थक ठरला. ताण निसर्गाचा, निमित्त पाण्याचे, अशी मांडणी हळूहळू मान्य होत गेली.

नकाशावरील बदल मात्र तुलनेने त्वरेने झाला. भारतीय मानक 1893 च्या 1962 व 1966 च्या आवृत्त्यांत भूकंपाची शक्यता नसलेला 'शून्य' विभाग होता. 1970 च्या आवृत्तीत तो रद्द झाला आणि कोयना परिसर चौथ्या विभागात आला.

त्यानंतरही कोयनेचे खोरे शांत झाले नाही. 1985 पासून वारणा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे सरकले. पाचहून मोठे वीसपेक्षा अधिक धक्के आजवर नोंदले गेले, पण ते सारे साधारण 20 गुणिले 30 किलोमीटरच्या पट्ट्यातच राहिले. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारून खोल विंधनाचे काम हाती घेतले. रासाटी येथील 1,522 मीटर खोल विंधनछिद्रात बेसाल्टचा थर 932.5 मीटरवर संपला आणि त्याखाली, मध्ये कोणताही गाळाचा खडक न लागता, थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. 2017 पर्यंत गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विंधन पूर्ण झाले. 1960 च्या दशकातील दोन्ही पक्ष ज्या खडकाविषयी वाद घालीत होते, त्याचे नमुने त्यांच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.