वाळूवरची शाळा

मी मास्तर झालो त्या पहिल्याच श्रावणात आमच्या शाळेच्या ओसरीवर, घंटेच्या तुळईला, एका कुंभारणीने आपले मातीचे घर बांधायला घेतले. सातवीतला एक मुलगा ते पाहत उभा राहिला आणि प्रार्थना चुकवून वर्गात आला. मी त्याला तासभर बाकावर उभे केले. त्याने खाली मान घालून एवढेच विचारले, "गुरुजी, ती माशी इतकी लांब जाते, मग तिला हेच घर कसं सापडतं?" उत्तर मला ठाऊक नव्हते. म्हणून मी त्याला "गप्प राहा" म्हणालो.

पुढे बऱ्याच वर्षांनी, कादंबरीच्या निमित्ताने इकडचे तिकडचे वाचत असताना, अगदी हाच प्रश्न १९२९ साली हॉलंडमधल्या एका तरुणाला पडला होता, असे मला कळले. आणि त्या बाकावरच्या मुलाची आठवण होऊन मी ओशाळलो.

त्या तरुणाचे नाव निको टिनबर्गेन. जन्म १९०७, गाव द हेग, वडील शाळेत भाषेचे शिक्षक. पुस्तकांपेक्षा त्याला हॉकी आणि रानावनातली भटकंती अधिक प्रिय. हुल्सहॉर्स्टच्या वाळूच्या माळावर तो उन्हाळ्यात जाई. तिथे मधमाश्यांची शिकार करणाऱ्या एका जातीच्या गांधीलमाश्यांची शेकडो बिळे होती. मधमाशीला नांगी मारायची, तिला पोटाशी धरून उडत आणायची आणि शेजाऱ्याच्या नव्हे, नेमके आपल्याच बिळात शिरायचे, हा त्यांचा नित्यक्रम.

टिनबर्गेनने आधी त्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले. प्रत्येक माशी खरोखरच स्वतःच्या घरी येते की नाही, याची खात्री नको का करायला? मग एक माशी बिळात असताना त्याने बिळाभोवती पाइनची सुकी फळे गोलाकार मांडली. माशी बाहेर आली, दोनचार गिरक्या घेऊन तिने जागा न्याहाळली आणि ती शिकारीला गेली. ती दूर असताना त्याने ते कडे हातभर बाजूला सरकवले. माशी परतली ती थेट कड्याच्या मधोमध! घर शेजारीच उघडे होते, पण ते तिला सापडेना. फळे पूर्ववत मांडताच ती सुखरूप घरी गेली. म्हणजे ती खुणा पाहते आणि लक्षात ठेवते. या संशोधनावर त्याने १९३२ मध्ये लायडेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंध अवघ्या ३२ पानांचा!

मला मात्र पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ग्रीनलंडमध्ये वर्षभर राहून आल्यावर तो लायडेनला शिकवू लागला आणि उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन त्याच माळावर राहुट्या ठोकू लागला. तिथे फळा नव्हता की बाक नव्हते. ग्रेलिंग नावाच्या करड्या फुलपाखराचा नर मादीमागे धावतो, तसा गळणाऱ्या पानामागे, एवढेच काय, स्वतःच्या सावलीमागेही धावतो. मग मादी म्हणून तो नेमके काय ओळखतो? मुलांनी कागदाची फुलपाखरे कापली आणि दोऱ्याने काठीला बांधून नरांपुढे नाचवली. एकदा-दोनदा नव्हे, हजारो वेळा. रंगाचे नराला काही वाटत नाही, असे दिसले. त्याला गडदपणा आणि फडफडणे भुलवते. आणि गंमत अशी की, तोच नर फुलावर मध शोधताना मात्र रंग बरोबर ओळखतो! १९४२ साली हे काम प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यावर टिनबर्गेनबरोबर मेउसे, बोरेमा आणि वारोसिओ या सहकाऱ्यांचीही नावे होती.

त्याच साली या शाळेवर संकट आले. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. विद्यापीठातल्या त्यांच्या ढवळाढवळीच्या निषेधार्थ लायडेनच्या अनेक अध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांत टिनबर्गेनही होता. त्याला पकडून दोन वर्षे ओलिसांच्या छावणीत ठेवले. तिथून तो आपल्या मुलांना चित्रे काढून प्राण्यांच्या गोष्टी पाठवी. त्यांतली क्लीव नावाच्या कुरव पक्ष्याची गोष्ट युद्धानंतर पुस्तकरूपाने निघाली. तारेच्या कुंपणाआडही त्याच्यातला मास्तर सुटला नव्हता! १९४९ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला, आणि १९७३ चे नोबेल पारितोषिक त्याला लोरेन्झ व फॉन फ्रिश यांच्याबरोबर मिळाले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विज्ञान म्हणजे मोठी यंत्रे आणि मोठ्या पदव्या, असे मी जन्मभर समजत आलो. इथे तर भांडवल काय? पाइनची फळे, रंगाचा ठिपका, कागद, दोरा. आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प न करणारा गुरू. यांतली पहिली चार मी केव्हाही मिळवू शकलो असतो.

तो सातवीतला मुलगा आता बाप्या झाला आहे. बाजारपेठेत त्याचे सायकलचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत तो फराळाला आला, तेव्हा मी त्याला ही सारी हकीकत सांगितली आणि त्या बाकाबद्दल क्षमाही मागितली. तो हसला. चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "गुरुजी, पण आपली कुंभारीणसुद्धा तशाच खुणा धरत असेल का हो?"

या खेपेसही उत्तर मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "श्रावणात ये. दोघे मिळून पाहू."